तबल्याचे क्रेडिट मिळत नाहीत: न्यू जर्सीतल्या मराठी आईबाबांना खुलं पत्र

प्रिय आईबाबांनो,

स. न. वि. वि.

ऑगस्ट लागला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, "सिनियर इयरला किती एपी?" म्हणजे बारावीला कॉलेजच्या पातळीचे किती विषय. कुणी चार म्हणतं, कुणी पाच. मग एखादे बाबा मुलीने लंच पिरियड सोडून सहावं घेतल्याचं जाहीर करतात आणि खाली टाळ्यांच्या इमोजींची रांग लागते. गेल्या ऑगस्टमध्ये त्या रांगेत माझ्याही टाळ्या होत्या. म्हणून हे पत्र लिहायचा थोडाफार हक्क मला आहे असं मी धरून चालते.

आधी ओळख. एडिसनच्या आसपास आम्ही एकवीस वर्षं राहतोय. त्यातली नऊ वर्षं मी एका पब्लिक हायस्कूलच्या गायडन्स ऑफिसात नोकरी करते. कौन्सेलर नाही. ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे चार वर्षांचं गुणपत्रक, काढून देणारी, फॉर्मवर शिक्का मारणारी, प्रिंटर अडकला की जिला हाक मारतात ती बाई. तेव्हा डिप्लोमासाठी, म्हणजे हायस्कूल पास व्हायला, काय काय लागतं हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. आणि गेल्या वर्षी पाच क्रेडिट कमी पडले ते माझ्याच मुलाचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मुलगा आमच्या गावच्या शाळेत, मी दुसऱ्या गावच्या. आठ वर्षं तो दर रविवारी एका गुरुजींच्या बेसमेंटमध्ये तबला शिकला. गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा प्रथम ही परीक्षा झाली, प्रमाणपत्र फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं. त्यामुळे आर्ट्सचे पाच क्रेडिट आमच्या डोक्यात केव्हाच जमा झालेले होते. नववीत ऑर्केस्ट्राऐवजी कम्प्युटर सायन्स, दहावीत सिरॅमिक्सऐवजी आणखी एक कम्प्युटर सायन्स, अकरावीचं तर विचारूच नका. जूनमध्ये त्याच्या कौन्सेलरबाईंची मेल आली होती. ती बेक सेल आणि हरवलेल्या पाण्याच्या बाटल्यांच्या मेलींखाली गाडली गेली. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात दुसरी आली, तिच्यात तक्ता होता. व्हिज्युअल अँड परफॉर्मिंग आर्ट्स: लागतात ५, मिळवले ०.

बाहेर शिकलेल्याला क्रेडिट मिळूच शकत नाही असं नाही. न्यू जर्सीत त्याला 'ऑप्शन टू' म्हणतात. काय शिकणार, ते कोण आणि कसं तपासणार हे ठरवून स्कूल डिस्ट्रिक्टची मंजुरी आधी घेतली, तर वर्गाबाहेरचं शिक्षणही धरता येतं. पण आधी अर्ज, मग तबला. आठ वर्षं वाजवून झाल्यावर प्रमाणपत्राचा फोटो पाठवला तर कौन्सेलरबाई तोंडभर कौतुक करतात आणि तिथेच थांबतात.

थोडा हिशेब मांडते, कारण क्रेडिट म्हणजे मार्क असं आपल्यातल्या पुष्कळांना वाटतं. क्रेडिट म्हणजे वेळ. आठवड्यातून एकदा, किमान ४० मिनिटांचा तास वर्षभर झाला की १ क्रेडिट. रोज तास असेल तर वर्षाचे ५. राज्याला असे एकूण १२० लागतात. त्यात इंग्रजीचे २०, म्हणजे चारही वर्षं. गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं प्रत्येकी १५, आणि सामाजिक शास्त्रांच्या पंधरातले १० अमेरिकेच्या इतिहासाचे. परकीय भाषा ५, कला ५, करिअर किंवा तांत्रिक शिक्षण ५. पैशाचे व्यवहार शिकवणारा अर्ध्या वर्षाचा विषय, त्याचे अडीच. आणि आरोग्य व पीई (शारीरिक शिक्षण) दर वर्षी पावणेचार, शाळेत असेपर्यंत दर वर्षी. याशिवाय अकरावीच्या वसंतात एनजेजीपीए नावाची परीक्षा, इंग्रजी आणि गणिताची, ७२५ ला पार. नाही जमलं तर एसएटीसारख्या दुसऱ्या परीक्षांचे गुण चालतात, तेही नसतील तर केलेल्या कामाचा पोर्टफोलिओ. डिस्ट्रिक्ट यात स्वतःची भर घालू शकतं, तेव्हा आपल्या शाळेची पुस्तिका उघडून बघाच.

आणि बॉस्टनच्या मावशीचा सल्ला घेऊ नका. प्रत्येक राज्याचं गणित वेगळं. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये डिप्लोमासाठीची एमसीएएस या राज्याच्या परीक्षेची अट मतदान करून काढून टाकली. न्यूयॉर्कवाले रीजेंट्स परीक्षांची अट काढायच्या मार्गावर आहेत. मावशी मनापासून सांगते, पण तिच्या राज्याचं सांगते.

ही यादी मी नऊ वर्षं छापत आले. वाचली मात्र ती दुसरी मेल आली त्या रात्री पहिल्यांदा. तिच्यात कॅल्क्युलस नाही. अल्जिब्रा वन, जॉमेट्री आणि त्यावर उभं राहणारं तिसरं एक वर्ष, इतकंच. एपी हा शब्दही कुठे नाही. पण अठरा वर्षांचं पोर घराबाहेर पडण्याआधी त्याने एकदा तरी वर्षभर काहीतरी गावं, रंगवावं, नाचावं किंवा नाटक करावं असं मात्र तिच्यात लिहिलंय. त्याला व्याजाचा दर कळावा, आणि चारही वर्षं त्याने धावावं. आपल्याला हे खटकतं कारण आपल्या शाळेत पीटीचा तास गणिताच्या बाई घ्यायच्या. 'पोर्शन राहिलाय' म्हणून. इथे गणिताच्या बाईंना तसं करता येत नाही, म्हणून ते काम आपण आईबाबा करतो.

तर मुलाचं वेळापत्रक फिरवावं लागलं. कला विभागातल्या ज्या वर्गात जागा होती आणि जो त्याच्या तासांत बसत होता असा एकच उरला होता, स्टेजक्राफ्ट. नाटकाचा सेट उभारण्याचा विषय, पहाटेच्या पहिल्या पिरियडला. त्यासाठी एपी फिजिक्स सोडावं लागलं. खरं सांगते, मी शॉपराइटच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. नवऱ्याला फोन करून म्हटलं, "अहो, कॉलेजवाले काय म्हणतील, पोराने फिजिक्स सोडून सुतारकाम घेतलं?" रोज इतर आयांना "काळजी नको हो" म्हणणारी मी! कॉलेजवाले काहीही म्हणाले नाहीत. कौन्सेलरबाईंनी बदललेलं वेळापत्रक कळवलं, एका ओळीची पोच आली.

मुलाचं पहिलं काम एक फ्लॅट बनवण्याचं. फ्लॅट म्हणजे सेटची खोटी भिंत: पाइनच्या पट्ट्यांची चौकट, चार फूट बाय आठ, वरून पातळ प्लायवूड ठोकायचं, मग रंग. त्याने आणि जोडीला दिलेल्या मुलीने तासभर खपून चौकट जुळवली. बाजू बरोब्बर मापात, तरी प्लायवूड ठेवलं की एका कोपऱ्यात अर्धा इंच बाहेर. रात्री साडेआठला, म्हणजे मिरजेत सकाळी सहा वाजता, रोजचा व्हिडिओ कॉल लागला. आजोबा आयटीआयमध्ये सुतारकामाचे निदेशक होते, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. नातवाने फोनवर फोटो दाखवला. चहाचा कप बाजूला ठेवून आजोबांनी चष्मा पुसला.

"गुण्या लावला होतास का?"

"गुण्या म्हणजे?"

"अरे, काटकोन बघायचा. तो नसला तर दोरी घे आणि दोन्ही कर्ण मोज. कर्ण सारखे नाहीत तोवर खिळ्याला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी कर्ण मोजले, पाऊण इंचाचा फरक निघाला. जॉमेट्रीत ए प्लस घेतलेल्या मुलाला आयताचे कर्ण समान असतात हे माहीत होतं, पण ते कशासाठी असतात हे अठराव्या वर्षी कळलं. त्यानंतर त्या व्हिडिओ कॉलची जात बदलली. आधी "जेवलास का, अभ्यास कसा चाललाय" इथे संपायचा. मग आजोबा त्याला रंधा, पटाशी दाखवायला लागले, आणि आम्हा दोघांना फोनजवळ कुणी बोलवेना.

ती जोडीदार मुलगी जूननंतर इलेक्ट्रिशियनच्या अॅप्रेंटिसशिपला गेली. चार वर्षं एकाच शाळेत असून आमच्या मुलाने तिच्याशी कधी बोलल्याचं त्याला आठवत नाही. बोलणार कधी? आपली मुलं सकाळपासून दुपारपर्यंत त्याच त्या पंचवीस जणांबरोबर एका एपीतून दुसऱ्या एपीत जातात, आणि त्यांतले बरेचसे रविवारी मराठी शाळेत किंवा बॅडमिंटनला पुन्हा भेटतात. ड्रिल कसा धरायचा हे त्याला त्या मुलीने शिकवलं. अंगठा कुठे ठेवायचा नाही, हेही.

आता जरा आपल्याबद्दल. मी १९९५ साली बारावी दिली. घरातली केबल काढली होती, आत्याच्या लग्नाला मला नेलं नव्हतं, आणि पाहुणे दारातूनच "बारावी ना? मग येत नाही आत" म्हणून चपला न काढता परत जायचे. तेव्हा त्यात तथ्य होतं. इंजिनीअरिंगची सीईटी अजून यायची होती, बोर्डाच्या एका परीक्षेत पीसीएमच्या ग्रुपला किती पडले यावर सगळं ठरायचं. एका मार्काला पुण्याचं सांगली व्हायचं. तुमच्यातल्या बहुतेकांच्या घरी हेच झालं असणार. विमानात बसताना आपण लोणच्याच्या बरण्यांबरोबर ती बारावीही आणली आणि इथल्या बाराव्या वर्षावर तशीच्या तशी ठेवून दिली.

पण इथे बारावीत काही ठरत नाही! नीट बघा. अर्ली अॅप्लिकेशन १ नोव्हेंबरच्या सुमारास जातात. तोवर सिनियर इयरचे जेमतेम दोन महिने झालेले असतात. कॉलेजसमोर जातात ते नववी ते अकरावीचे गुण, साडेसहाशे शब्दांचा निबंध, शिफारसपत्रं. पुढे पहिल्या सहामाहीचा अहवाल जातो आणि जूनमध्ये शेवटची ट्रान्स्क्रिप्ट. म्हणजे वर्ष वाया घालवायला परवानगी आहे असं नाही, पण मे महिन्यात दिलेल्या सहाव्या एपीच्या परीक्षेने अॅडमिशनमध्ये तसूभर फरक पडत नाही, कारण तिचा निकाल जुलैत लागतो. कॉलेज पक्कं करायची तारीख बहुतेक ठिकाणी १ मे. जुलैच्या निकालाला कॉलेजचे थोडे क्रेडिट मिळतील, मिळोत. त्यासाठी पोरगं मार्चमध्ये रात्री दोनला स्वयंपाकघरात उभ्याने मॅगी खातंय, हे मला आता बघवत नाही. आणि ते मी बघितलंय, मोठ्या मुलीच्या वेळी. तिच्या शेवटच्या वर्षातलं तिला काय आठवतं असं मी मध्यंतरी विचारलं. ती म्हणाली, "गाडीतली झोप."

याची उलट बाजूही माझ्या काउंटरवर रोज दिसते, तीही सांगते, नाहीतर पोरं हे पत्र आईबाबांच्या नाकासमोर नाचवतील. कॉलेजची अॅडमिशन अटीवर असते. शेवटच्या ट्रान्स्क्रिप्टवर अचानक डी आणि एफ उगवले तर कॉलेज खुलासा मागतं, जागा काढूनही घेऊ शकतं. वर्ष १८० दिवसांचं, आणि त्यातले दहा टक्के बुडाले की राज्याच्या लेखी मूल 'क्रॉनिकली अॅब्सेंट'. दर मे महिन्यात माझ्यासमोर दोन-तीन मुलं उभी असतात, ज्यांचं कॉलेज ठरलंय, टी-शर्ट विकत आणलाय, आणि पीईत नापास होण्याच्या बेतात आहेत. कपडे बदलायचा कंटाळा, दुसरं काही नाही. कॅल्क्युलसमध्ये अडकलेलं मूल मी फार पाहिलं नाही. पीईत अडकलेली पाहिलीत.

माझं मागणं फार नाही. नववीच्या जूनमध्ये मुलाशेजारी बसून एकदा ट्रान्स्क्रिप्ट बघा, कला आणि अडीच क्रेडिटचा पैशाचा विषय कधी होणार ते पेन्सिलीने लिहा. कौन्सेलरच्या मेलीसाठी वेगळा फोल्डर करू नका, ती थेट इनबॉक्सात येऊ द्या. सिनियर इयरला मुलाने स्वतःहून एक एपी कमी करतो म्हटलं तर "का?" विचारा, पण तुमचा आवाज जसा असतो तसा नको. काउंटी कॉलेजचं, म्हणजे जवळच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचं, नाव निघालं की तोंड वाकडं करू नका. वर्गातल्या वरच्या १५ टक्क्यांत असलेल्या मुलांना एनजे स्टार्स या राज्याच्या शिष्यवृत्तीतून तिथली ट्युशन मिळते, आणि असोसिएट पदवी घेऊन राज्याच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येतं. आपल्यातले किती जण तिकडे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला गेलेत, हात वर करा! तेव्हा तो शहाणपणा होता, मग इथे तो नापाशीचा शिक्का कसा झाला?

मराठीचंही एक काम आहे. २०१६ पासून आपल्या राज्यात सील ऑफ बायलिटरसी मिळतं. इंग्रजीबरोबर दुसऱ्या एका भाषेत ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं ठरावीक पातळीचं आहे हे दाखवायचं, ते ट्रान्स्क्रिप्टवर नोंदलं जातं. भाषा इंग्रजीखेरीज कुठलीही चालते. मुलं अनेक वर्षं मराठी शाळेत जातात, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमाच्या वह्या भरतात, आणि हे सील घ्यायचं मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. सप्टेंबरातच कौन्सेलरला विचारा, मराठीची चाचणी कशी करता येईल म्हणून. आपली मुलं बोलण्यात पास होतील, लिहिण्यात 'ण' आणि 'न' घोटाळा करतील. आजीला महिन्याला एक पत्र लिहायला लावा. मेसेज नाही, पत्र.

एक गोष्ट ग्रुपवर कुणी बोलत नाही, ती इथे लिहिते. आपल्यातली काही मुलं एच-फोरवर, म्हणजे आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहेत. दोन वर्षांची असताना आली, इथलीच झाली, पण आईबाबांचं ग्रीन कार्ड रांगेत. या मुलांना पिझ्झाच्या दुकानातली पगारी नोकरी चालत नाही, फेडरल मदत मिळत नाही, अनेक कॉलेजं त्यांना परदेशी विद्यार्थी धरतात आणि एकविसाव्या वर्षी एच-फोरही सुटतो. २०२५ च्या बॅचपासून डिप्लोमासाठी फॅफ्सा, म्हणजे कॉलेजसाठीच्या फेडरल मदतीचा अर्ज, भरण्याची अट आली तेव्हा माझ्या काउंटरवर अशीच एक आई आली, घाबरून, आवाज बारीक करून. तिला मी मराठीत सांगितलं, फॅफ्सा नसेल भरायचा तर माफीचा फॉर्म असतो, एक सही करायची. ती सही करून ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. तेव्हा गणपतीच्या आरतीनंतर हातात प्रसादाचा द्रोण घेऊन समोर येईल त्या सतरा वर्षांच्या मुलाला "काय मग, कुठे कुठे अप्लाय केलंस?" हे विचारू नका. तुम्हाला काका-मावशी म्हणणारं मूल आहे ते. त्याला विचारा मोदक कितवा, किंवा ढोलपथकात येतोस का.

अर्थात यंदाही काही जण सहा एपी घेणारच. काही मुलांना ते खरंच आवडतं, त्यांच्या वाटेला जायचं कारण नाही. वेळापत्रक बदलायची मुदत बऱ्याच शाळांत सप्टेंबरच्या सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत संपते. शाळेचं पोर्टल एव्हाना उघडलं असेल.

आपली,
गायडन्स ऑफिसातली एक आई

ता. क. कुणाचा मुलगा किंवा मुलगी यंदा स्टेजक्राफ्ट घेणार असेल तर कळवा. आमच्याकडे स्टीलच्या टोकाचे बूट आहेत, साइज दहा, एकच वर्ष वापरलेले. डाव्या बुटावर निळ्या रंगाचे डाग आहेत, ते जात नाहीत. सेफ्टी गॉगल मात्र तो बरोबर घेऊन गेला.